हळदीचा डाग आणि हुशार यंत्र

धुण्याचं यंत्र आता मुकं राहिलेलं नाही. काम आटोपलं की ते गाणं वाजवतं, मोबाइलवर निरोप धाडतं. कपडे आत पडले की पाणी घेण्याआधी ड्रम जरा इकडे, जरा तिकडे फिरवून बघतं. मोटारीला किती जोर लागला, यावरून ओझं ओळखतं. काही यंत्रांत तर पाण्यातून प्रकाशाचा झोत सोडतात. पलीकडे उजेड कमी पोचला तर पाणी अजून गढूळ, म्हणजे आणखी खळबळायला हवं.

या शहाणपणामागे एक गणित आहे. जगातली प्रत्येक गोष्ट ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यात बसत नाही, मध्ये ‘जरासं’ आणि ‘बऱ्यापैकी’ही असतं, या विचाराला बर्कलीच्या लोत्फी झादे यांनी १९६५ साली गणिताचं रूप दिलं. १९९०च्या सुमारास जपानी कंपन्यांनी ते धुलाई यंत्रात आणलं. कागदावर न मांडता हाच हिशोब आपल्याकडच्या बायका धुण्याच्या दगडापाशी रोज करत होत्या. कॉलर घासायची, बाह्या चोळायच्या, उरलेला सदरा नुसता बुचकळून काढायचा. फरक इतकाच, की त्या हिशोबाची किंमत त्यांची मनगटं आणि कंबर मोजत होती. भिजलेली गोधडी ज्याने एकदा तरी पिळली आहे, तो यंत्राला नावं ठेवणार नाही.

पण आमटीचा एक थेंब पांढऱ्या सदऱ्यावर पडू द्या, मग या हुशारीची वेस दिसते. हळदीच्या डागाला साबण लागला की तो लालबुंद होतो. नवखा माणूस हबकतो. हळदीतलं कुर्क्युमिन अल्कलीत रंग पालटतं, एवढीच ती जादू. धुवूनही पिवळी छटा मागे उरतेच. मग सदरा उन्हात घालायचा. प्रकाशाने कुर्क्युमिनचे रेणू मोडतात, आणि संध्याकाळपर्यंत डाग फिका पडत जातो. ड्रममधून थेट ड्रायरमध्ये आणि तिथून कपाटात गेलेल्या सदऱ्याला मात्र हे ऊन भेटतच नाही. सोय वाढते आणि डागही मुक्कामाला राहतो.

पैठणीचं तर शास्त्रच निराळं. ती मलमलीत गुंडाळायची, अधूनमधून बाहेर काढून घडी बदलायची; नाहीतर जरीची तार एकाच रेषेवर पिचते आणि रेशीम तिथेच विरतं. हे काम घरातल्या कुणाला तरी आठवावं लागतं, आणि ते करायला हातच लागतात.

म्हणून यंत्र खुशाल घ्या, ऐपत असेल तर वाफेचंही घ्या. वाचलेल्या वेळाची लाज बाळगू नका. फक्त बटण दाबण्याआधी कपड्याच्या आतली चिठ्ठी वाचा, पैठणी ड्रमपासून लांब ठेवा, आणि हळद सांडलीच तर कापड धुऊन उन्हात टाका. उन्हाचं बिल येत नाही.