नाम तेच, खोड निराळी

बालमित्रांनो, डी.एड. होऊन शाळेत आल्यापासून एक गोष्ट बघतो आहे. आमच्या हिंगोली जिल्ह्यातली पोरं एरवी खूप बडबडतात. पण इंग्रजीतलं 'नाऊन' म्हटलं की गप्प! नाऊन म्हणजे आपलं नामच की. फक्त त्याची खोड निराळी.

'गायीने मुलाला ढकलले.' आता शब्दांची जागा बदला. 'मुलाला गायीने ढकलले.' अर्थ तोच! कारण 'ने' आणि 'ला' हे प्रत्यय नामाला चिकटलेले आहेत. 'ला' लागताना 'मुलगा'चा 'मुला' झाला, हे सामान्यरूप. ते तुम्ही बोलता बोलता करता.

इंग्रजीत 'काऊ' आणि 'बॉय' इथे तसेच राहतात. तिथं जागेला मान. 'द काऊ पुश्ड द बॉय' म्हणजे गायीने ढकलले. जागा बदलून 'द बॉय पुश्ड द काऊ' म्हणा, मुलगाच गायीला ढकलेल!

मोजणीचंही बघा. वसमतच्या बाजारात आपण 'दोन हळदी' म्हणत नाही, 'दोन पोती हळद' म्हणतो. इंग्रजीतही 'टू बॅग्ज ऑफ टर्मरिक'. शिवाय आपल्याकडे कापूस तो, हळद ती, सोयाबीन ते. इंग्रजीत तिघांनाही एकच 'इट'. सोपं झालं ना?

आई-बाबांनो, मूल इंग्रजीत अडखळलं तर 'तुला जमणार नाही' असं म्हणू नका. लिंग, प्रत्यय, सामान्यरूप एवढं सगळं ते शाळेत येण्याआधीच तुमच्या तोंडून ऐकून शिकलं आहे. ज्याला एवढं जमलं, त्याला 'नाऊन' का जमू नये?