चार बोटांचा सरडा

मे महिन्यात नरखेड तालुक्यात मामांच्या वावरात गेलो होतो. मृग बहारासाठी संत्र्याला ताण दिलेला. पानं कोमेजलेली, ठिबकच्या नळ्या कोरड्या. बागेच्या धुऱ्यापलीकडे बरड सुरू होतं. नुसता मुरूम आणि वाळकी कुसळं. तिथल्या एका दगडावर बोटाएवढा मातकट सरडा पुढचे पाय ताणून उभा होता. एकदम त्याच्या गळ्याखाली पंखा उघडला: पांढुरका, वर निळी रेघ. मिटला. पुन्हा उघडला.

"काय पाहून रायला रे एवढं उन्हात?" मामा ओरडले.

"सरडा."

"सरडा पाहाले नागपूरहून आला का?"

मी पोटावर आडवा होऊन फोटो काढला आणि तो मोठा करून मागच्या पायाची बोटं मोजली. चारच! कुंपणावरच्या नेहमीच्या सरड्याला पाच असतात.

अशा चार बोटवाल्या सरड्याला 1829 मध्ये क्युव्हिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने पाँडिचेरीवरून 'सिताना पाँटिसेरियाना' असं नाव दिलं. मग जवळजवळ दोन शतकं पंखा उघडणारा बहुतेक प्रत्येक सरडा, तो देशात कुठलाही असो, पाँडिचेरीचाच ठरला. 2016 मध्ये संशोधक व्ही. दीपक, वरद गिरी आणि सहकाऱ्यांनी डीएनए आणि खवले तपासून हा गुंता सोडवला. पाच नव्या जाती निघाल्या, एक नवा वंशही. मध्य आणि पश्चिम भारतातल्या एका जातीला डोक्यामागच्या काटेरी खवल्यांवरून 'सिताना स्पायनीसेफॅलस' म्हणतात. माझ्या फोटोत मानेच्या वर तसे बारीक काटे दिसत होते.

नव्या वंशाचं नाव मात्र 'सरडा'. आपलाच शब्द, रोमन लिपीत! निळे-काळे-नारिंगी, भडक पंख्याचे ते सरडे. त्यातला सर्वांत देखणा साताऱ्याच्या चाळकेवाडीच्या पठारावर, पवनचक्क्यांखाली राहतो.

हे सगळं मी धुऱ्यावर बसून मामांना सांगितलं. ते मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन बोटं मोजत होते. तेवढ्यात दगडावरचा गडी मागच्या दोन पायांवर उठला आणि माणसासारखा धावत कुसळांत शिरला.

"म्हंजे रंग साताऱ्याले, नावही साताऱ्याले," मामा म्हणाले, "अन् आपल्याले ते पाँडिचेरीचं 'सिताना' उसनं. यातही अनुशेषच हाये म्हन ना बापा!"