घराचा नकाशा काढताना खोल्या शेवटी मोजा

धान कापून, चुरून झाला. बांध्यांमध्ये लाखोळी वर आली आहे. या दिवसांत आपण इथं रब्बीचं लिहितो, पण आज घराचं लिहितो. घर बांधायला काढलं हे बऱ्याच जणांना माहीत झालंय आणि "नकाशा कोणाकडून काढला?" हे विचारणारे फोन येत आहेत. उत्तर असं की नकाशा घरच्यांनीच काढला. कसा काढला, ते सांगतो. शेवटी यात शेतीच जास्त आहे.

आमचं आजोबांच्या वेळचं घर मातीचं, वर कवेलू. कुरखेड्याकडच्या गावांत कवेलूचं घर म्हणजे दर उन्हाळ्यात फेरणी आणि दर आठवड्यात वानरं. फेरणारे हात आता मिळत नाहीत. माणसं बारा: आई, आम्ही तिघे भाऊ, तिघांच्या बायका, पाच पोरं. ताई लग्न होऊन गेली, पण वर्षातून तीन-चारदा येते. जागा 70 फूट रुंद, 120 फूट खोल, तोंड पूर्वेला.

आधी एकाकडून छापील नकाशा आला होता. पाच बेडरूम, हॉल, किचन, पोर्च. दिसायला चांगला. पण शंभर-सव्वाशे क्विंटल धान कुठं ठेवायचा, हे त्यात कुठंच नव्हतं. शहरातल्या नोकरदाराच्या घराला तो नकाशा शोभतो. आपलं घर हे घरही आहे आणि गोदामही.

म्हणून आम्ही खोल्या मोजणं थांबवलं आणि दिवस मोजले. वर्षातले, आयुष्यातले असे दिवस, की ज्या दिवशी घराची परीक्षा होते. ते पाच निघाले.

पहिला दिवस, धान घरी येतो तो.

हिशोब साधा आहे. बारा माणसांना माणशी दीड क्विंटल धरला तर वर्षाला 18 क्विंटल तांदूळ, म्हणजे 27-28 क्विंटल धान. बियाणं, पाहुणे, रोवणीच्या मजुरांचं जेवण धरून 35 क्विंटल. सैल धान एका घनमीटरमध्ये साडेपाच ते सहा क्विंटल मावतो. म्हणजे नुसत्या खायच्या धानाला सहा-साडेसहा घनमीटर जागा. विकायचा धान वेगळा. आठ एकरांचा तो शंभर-सव्वाशे क्विंटल पकडा. खरेदी केंद्रावर नंबर लागेपर्यंत तो घरातच राहतो. 40 किलोचे तीनशेच्या वर कट्टे. आठ-आठची थप्पी लावली तरी चाळीस थप्प्या. भिंतीपासून दीड फूट सोडून, खाली लाकडी फळ्या टाकून, मधून चालायला वाट ठेवून कोठी 12 बाय 20 फुटांची लागते. छापील नकाशातल्या सगळ्यात मोठ्या बेडरूमपेक्षा मोठी. केंद्रावर 17 टक्के ओलाव्यापर्यंत धान घेतात, पण घरी साठवायचा तर तो 14 च्या खाली हवा. म्हणून कोठीला समोरासमोर दोन झरोके, उंदराची जाळी लावून.

कोठीचं जोतं तीन फूट ठेवलंय, ट्रॉलीच्या तळाइतकं. फाळका उघडला की कट्टा सरळ आत सरकवायचा. खाली उतरवून पुन्हा उचलायचा नाही. बाकी घराचं जोतं दोन फूट. दक्षिणेला 12 फुटांची गल्ली सोडली, ट्रॉली मागं घेता यावी म्हणून.

कोठीची जागा मात्र हत्तीनं ठरवली. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप आपल्या जिल्ह्यात आला. तेव्हापासून कुरखेडा, कोरचीच्या जंगलालगतच्या गावांत काय झालं, ते तुम्हाला सांगायला नको. धान आणि मोहफुलाच्या वासावर हत्ती भिंत पाडतो. भिंत जाड केली म्हणून तो थांबत नाही. आपल्या हातात एवढंच, की ती भिंत पडेल तेव्हा तिच्यामागं कोणी झोपलेलं नसावं. म्हणून कोठी आणि मोहफूल एकाच ठिकाणी, दक्षिण-पूर्व कोपऱ्यात. कोठी आणि झोपायच्या खोल्या यांच्यामध्ये गच्चीवर जायचा जिना आणि चार फुटांचा बोळ. धानाच्या भिंतीला कोणाचीही खाट टेकणार नाही. जंगलाच्या कडेला घर बांधणाऱ्यांनी बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल, एवढं ऐका.

दुसरा दिवस, मे महिन्यातली दुपार.

पारा 45 च्या वर जातो आणि लाइट जाते. तेव्हा घर कूलरवर नाही, नकाशावर थंड राहते. मध्ये 16 बाय 22 चं उघडं आंगण ठेवलं. आंगणाच्या तीन बाजूंना तीन पाख्या: दक्षिण, पश्चिम, उत्तर. पूर्वेला पुढं नऊ फुटांची छपरी. पश्चिमेच्या भिंतीला दुपारचं ऊन सगळ्यात जास्त लागते, म्हणून तिथं सैपाकघर, न्हाणी आणि बाहेरून छपरी, सांधवाडीकडं तोंड करून. ती भिंत पोकळ ठेवणार. विटा सपाट न लावता उभ्या लावायच्या, मध्ये पोकळी राहते. केरळात लॉरी बेकर यांनी ही पद्धत खूप वापरली. विटा साधारण चौथा हिस्सा वाचतात आणि आत ताप कमी येतो.

बेकर सांगत, की घराचं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, हे त्यांनी गांधीजींकडून ऐकलं. आपल्या विदर्भातच, सेवाग्रामला 1936 मध्ये बांधलेलं आदि निवास तसंच आहे. माती, लाकूड, बांबू, कवेलू. आम्ही पूर्ण तसं करत नाही, स्लॅब टाकणारच. पण जुन्या घराचं सागवान, मयाली, दारं, चौकटी सगळं मोजून नकाशात आधी बसवलं. नवीन चौकटी फक्त चार लागतील.

तिसरा दिवस, झडीचा.

आपल्याकडं वर्षाला हजार-पंधराशे मिलीमीटर पाऊस, त्यातला बराचसा अडीच-तीन महिन्यांत. एका दिवसात 100 मिलीमीटर पडला, तर अडीचशे चौरस मीटरच्या घरावर 25 हजार लिटर पाणी पडते. आंगणाचंच सव्वातीन हजार लिटर. ते जाईल कुठून, हे भिंती उभ्या होण्याआधी ठरवावं लागते. बांधीला जसा पाण्याचा तोंडा ठेवतो, तसा आंगणाला उत्तर-पश्चिम कोपऱ्यात ठेवला आणि तिथून नाली सांधवाडीत शोषखड्ड्याला नेली. आंगणाच्या चारही बाजूंनी चार फुटांचा ओटा, वर छप्पर. भर पावसात खोलीतून सैपाकघरात कोरडं जाता आलं पाहिजे. गुरांचा कोठा आणि तणस मात्र घरापासून दूर, सांधवाडीच्या टोकाला. तणस आणि चूल यांच्यात आम्ही 40 फूट ठेवले.

चौथा दिवस, म्हातारपणाचा.

आईचं वय सत्तरच्या वर. तिला विचारलं, तुला कशी खोली पाहिजे? ती म्हणाली, "माह्या खाटेवरून आंगण दिसलं पायजे, अन् रात्री उठलं त कोणाले हाक मारा लागू नये." या एका वाक्यात पूर्ण खोली आहे. उत्तर-पूर्व कोपऱ्यात पुढची खोली तिची. आंगणाकडं खिडकी, तीही खाटेच्या उंचीवर. संडास-न्हाणी आतच, दार तीन फुटांचं, भिंतीला धरायला पाइप. दोन फुटांच्या जोत्याला उतार करायचा तर एकास बारा धरून 24 फूट लांबी लागते. ती उत्तरेच्या 10 फुटी जागेत बसली. आज आईसाठी, उद्या आपल्याचसाठी. आम्ही तिघे भाऊही पन्नाशीकडं निघालोत.

बायांचं म्हणणं वेगळं बसून घेतलं. बैठकीत सगळे असले की धाकटी भासऱ्यांसमोर बोलत नाही, म्हणून तिचं म्हणणं माझ्या बायकोनं आणलं. तिघींचं मिळून तीन गोष्टी. विहिरीवरून सैपाकघरात मागून सरळ वाट, बैठकीत माणसं बसली असताना पुढून जाणं नको. रोवणीला तीस माणसांचं रांधायचं असते, तर चूल आणि गॅस दोन्हीला जागा. आणि प्रत्येक खोलीला आतून कडी. शेवटचं ऐकून मी गप्प राहिलो. जुन्या घरात कडी फक्त बाहेरच्या दाराला होती.

पाचवा दिवस, वाटणीचा.

हा दिवस कोणी नकाशात धरत नाही. बोललं तर अपशकुन वाटतो. पण आजोबांच्या घराचं काय झालं, ते सगळ्यांसमोर आहे. बाबा आणि काका वेगळे झाले तेव्हा आंगणाच्या मधोमध भिंत आली. एकाकडं विहीर गेली, दुसऱ्याकडं दार. सैपाकघराला उजेड राहिला नाही. भावाभावांत भांडण नव्हतं, पण घराला फाटायची सोयच नव्हती, म्हणून ते वाईट फाटलं.

म्हणून तीन पाख्या तिघांच्या. प्रत्येकीत दोन खोल्या, न्हाणी, आणि एक 8 बाय 8 ची जागा, आज पोरांच्या अभ्यासाची. तिथं पाण्याची नळी आणि धुराचं भोक आताच ठेवतोय. उद्या चूल वेगळी झाली तर भिंत फोडावी लागणार नाही. प्रत्येक पाखीला एक दार आंगणात, एक बाहेर. आंगण, विहीर, बैठक आणि कोठी कायम सामाईक. वेगळं होणं सोपं ठेवलं की एकत्र राहणं हे मर्जीचं होते, मजबुरीचं नाही.

आता ताईचं. आई म्हणाली, "पोरगी आली त तिनं का पाहुणीवाणी बैठकीत निजाव?" आईच्या खोलीला लागून 10 बाय 12 ची खोली काढली आणि तिच्यावर 'ताई' लिहिलं. दादा म्हणाला, "खोली देल्ली म्हणजे उद्या हिस्साच मांगतीन." दादा वाईट नाही. तीस वर्षं त्यानं शेती सांभाळली, त्याची भीती खोटी म्हणता येत नाही. पण कायदा समजून घ्यायला पाहिजे. 9 सप्टेंबर 2005 पासून हिंदू वारसा कायद्यात मुलीला वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाइतकाच हक्क आहे. आधी कलम 23 होतं. राहत्या घराची वाटणी मुलीला स्वतःहून मागता येत नव्हती, भाऊ वाटणी करतील तोवर थांबावं लागे. ते कलमही त्याच दुरुस्तीत गेलं. 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की बाप 2005 मध्ये जिवंत होता की नव्हता, यानं फरक पडत नाही, हक्क जन्मानं आहे. आपल्या आदिवासी भावांना हा कायदा लागू नाही, त्यांच्यात रूढी चालते, म्हणून त्यांनी त्यांच्याकडची रीत विचारून घ्यावी. आमच्यापुरतं सांगायचं तर ताईचा हक्क खोली काढल्यानं येत नाही आणि पुसल्यानं जात नाही. खोली आहे ती तिनं आल्यावर बॅग कुठं ठेवावी यासाठी.

दादा अजून हो म्हणाला नाही. पण त्यानं ती खोली पुसलीही नाही.

हे सगळं कागदावर ठरलं नाही. धान निघाल्यावर घरामागच्या मोकळ्या बांधीत चुन्याच्या फक्कीनं पूर्ण घर एकास एक आखलं. खरी खाट ठेवली, खरी ट्रॉली मागं घेतली, पोरं दारांतून पळाली, आई खाटेवर बसून पाहत होती. कागदावर तीन फुटांचा बोळ पुरेसा वाटत होता. पोतं पाठीवर घेऊन दादा त्यातून गेला आणि म्हणाला, चार करा. जिन्याची रुंदीही तिथंच वाढली. फक्कीला खर्च थोडाच येतो, भिंत पाडायला किती येतो ते गवंड्याला विचारा.

कोणी म्हणेल, एवढी जागा कोणाकडं आहे? खरं आहे. घरकुल 25 चौरस मीटरचं, म्हणजे 269 फुटांचं, आणि प्रधानमंत्री आवास योजनेत आपल्या जिल्ह्यात अनुदान ठरलं ते 1 लाख 30 हजार. पण हे पाच दिवस 269 फुटांच्या घरालाही येतातच. धान कुठं राहील, खाट कोणत्या भिंतीला, पाणी कुठून जाईल, म्हातारं माणूस रात्री कसं उठेल, पोरगी आली तर कुठं निजेल. लहान घरात हे जास्तच विचारून घ्यावं लागते, कारण चूक झाली तर सरकायला जागा नसते.

होळीआधी पाया खोदायचा आहे. जागेत वर मोरांड आणि खाली कन्हार लागेल असा अंदाज आहे. कन्हार फुगते आणि भेगाळते, म्हणून पायाचा खड्डा खोदला की मातीच्या थरांचे फोटो टाकतो, जाणकारांनी पाहून सांगावं. तुमच्या जुन्या घरात कोठी कोणत्या बाजूला होती, तेही कळवा.

तोवर हरभऱ्यात घाटेअळीवर लक्ष ठेवा. ढगाळ हवा दोन दिवस टिकली की सकाळी फेरी मारा.