न ओवलेला दोरा

मी सातवीत होतो, त्या वर्षी आमच्या शाळेने मुलांच्या कवितांचे हस्तलिखित काढण्याचे ठरविले. वर्गात मला कवी म्हणून थोडा लौकिक होता. मी लगेच हिमालयावर वीस ओळी रचल्या. 'उत्तुंग', 'धवल', 'गगनचुंबी' असे शब्द त्यांत ठासून भरले होते. यमकही कोठे चुकले नव्हते.

गुरुजींनी कविता वाचली आणि विचारले, "तू हिमालय पाहिला आहेस का रे?"

"नाही, गुरुजी."

"मग सध्या तुझ्या मनात काय आहे?"

मी मान खाली घातली. मनात जे होते, ते कोणाला सांगण्यासारखे नव्हते.

दोन महिन्यांपूर्वी माझी आजी वारली होती. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून गोधड्या शिवण्याचा तिला भारी नाद. एके दिवशी सायंकाळी मी खेळायला निघालो असता तिने हाक मारली, "बाळ, एवढा दोरा ओवून दे रे. मला दिसत नाही." "नंतर देतो," असे म्हणून मी पळालो आणि ते पार विसरलो. त्याच रात्री आजीला ताप भरला. चौथ्या दिवशी ती गेली. घरातील सारे रडले. मी मात्र रडलो नाही. कोणी कारण विचारले तर काय सांगावे, याची मला भीती वाटत होती.

गुरुजींनी अधिक विचारले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात बहिणाबाई चौधरींची हकिकत सांगितली. जळगावजवळच्या आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाईंना लिहितावाचता येत नव्हते. ऐन तिशीत त्यांना वैधव्य आले. घरातील आणि शेतातील कामे करता करता त्या आपले सुखदुःख गाण्यांत गुंफीत. आपल्या वैधव्याचे दुःखही त्यांनी लपविले नाही. १९५१ साली त्या गेल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांची गाणी पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. गुरुजी म्हणाले, "त्यांनी मोठमोठे शब्द शोधले नाहीत. जे भोगले, ते आपल्या बोलीत सांगितले. पण मुलांनो, असे सांगायला धीर लागतो."

त्या रात्री मी पुन्हा लिहावयास बसलो. प्रथम 'अश्रूंचा महापूर' आणि 'क्रूर काळाचा घाला' असे काहीबाही लिहिले. वाचून पाहतो तो त्यात आजी नव्हती आणि मीही नव्हतो! हिमालयाआड जसा लपलो होतो, तसाच मी या शब्दांआड लपलो होतो. ते पान मी फाडून टाकले. मग सुई, दोरा आणि माझे ते 'नंतर' एवढेच आठ ओळींत लिहिले. लिहिताना हात थरथरत होता.

गुरुजींनी त्या ओळी दोनदा वाचल्या. "ही कविता तुझी आहे. तू म्हणशील तरच हस्तलिखितात घालू," ते म्हणाले. मी दिवसभर विचार केला. मुले हसतील, घरी माझा अपराध कळेल, असे वाटत होते. शेवटी शाळा सुटताना मी म्हणालो, "घाला, गुरुजी."

स्नेहसंमेलनाच्या दिवशी आईने ते हस्तलिखित वाचले. घरी येईपर्यंत ती काहीच बोलली नाही. ती रागावली असावी, असे मला वाटले. रात्री तिने ट्रंकेतून एक अर्धवट गोधडी काढली. तिच्या कोपऱ्यात बिनदोऱ्याची सुई टोचलेली होती.

"त्या दिवशी त्यांनी मलाही हाक मारली होती," आई म्हणाली. "मी चुलीपुढून उठले नाही. हे मीही कोणाला सांगितले नव्हते."

मग तिने सुई माझ्या हाती दिली. डोळे भरून आल्यामुळे दोरा दोनदा हुकला. तिसऱ्यांदा तो नेढ्यातून गेला. आई शिवू लागली आणि आम्ही दोघे आजीविषयी कितीतरी वेळ बोलत बसलो. आजी गेल्यापासून आमच्या घरात असे बोलणे झाले नव्हते.

त्यानंतर मी पुष्कळ कविता लिहिल्या. अजूनही लिहिताना एखादी गोष्ट लपवावीशी वाटली, की मी तेथे थांबतो आणि आधी तीच लिहून काढतो.