पाहुणा आणि घरचा

वाशीम जिल्ह्याच्या उंचवट्यावर पडणारा पाऊस दोन वाटांनी जातो. काटेपूर्णेला मिळालेले पाणी उत्तरेकडे उतरते, पूर्णेतून तापीत शिरते आणि शेवटी पश्चिम समुद्राला मिळते. दक्षिणेच्या उतारावरचे पाणी पैनगंगेत जाते; तेथून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी अशी मजल दरमजल करीत ते पूर्व समुद्र गाठते. एकाच सरीचे दोन थेंब एकाच काळ्या मातीवर पडतात. पण एकाचा समुद्र एक आणि दुसऱ्याचा दुसरा. त्यांतून पुन्हा ढग होऊन याच मातीवर कोणता थेंब यावयाचा, हे कोणासही सांगता येत नाही.

या भूमीतील माणसांचेही तसेच आहे. रिसोड, मालेगाव, मंगरुळपीर, कारंजा, मानोरा येथील शाळांतून शिकलेली मुले प्रथम अकोला, अमरावती किंवा नागपूर येथे जातात. तेथून पुणे-मुंबईस आणि त्यांतील काही थेट परदेशी जातात. जाताना प्रत्येकाच्या मनात एकच वाक्य असते : 'चार पैसे गाठीला बांधू आणि परत येऊ.' चारांचे चाळीस होतात, पाच वर्षांची पंचवीस होतात, परतण्याचा दिवस मात्र पुढे पुढे सरकत राहतो. मग एके दिवशी केस पांढरे झालेले असतात, नोकरीची अखेर दिसू लागते आणि मनाच्या तळाशी पडून राहिलेले ते जुने वाक्य वर येते. ज्या वयात बाकीचे लोक निवृत्तीचा विचार करतात, त्या वयात हा मनुष्य प्रवासाची तयारी करू लागतो.

परतणाऱ्याच्या डोळ्यांपुढे एक चित्र असते. अंगणातला कडुनिंब, ज्वारीची उभी ताटे, आषाढातल्या पहिल्या पावसाचा मातीचा वास, बालाजीच्या मंदिरातील घंटा. हे चित्र खोटे नसते. परंतु ते जुने असते. तो येऊन पाहतो तो ज्वारीच्या जागी सोयाबीन डोलत असते, कडुनिंबाच्या जागी सिमेंटची भिंत उभी असते आणि ज्या वाड्याच्या ओट्यावर बसून त्याने पाढे म्हटले, त्या वाड्याला तिसऱ्याच कोणाचे कुलूप असते. प्राचीन काळी वत्सगुल्म नावाने वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले हे नगरही काय स्थिर राहिले आहे? इंग्रजी अमदानीत ते जिल्ह्याचे ठिकाण होते. 1905 साली तो जिल्हा मोडला आणि 1 जुलै 1998 रोजी वाशीम पुन्हा जिल्हा झाले. नगरांचे भाग्य असे फिरते, तर माणसाने आपले अंगण जसेच्या तसे राहावे ही अपेक्षा का धरावी?

खरे पाहता गाव बदललेले असते तसाच परतणाराही बदललेला असतो. गाव त्याच्यात विशीतला मुलगा शोधते आणि तो गावात आपले बालपण शोधतो. दोघेही न सापडणारी वस्तू शोधत असतात. वऱ्हाडी माणूस मनाचा मोकळा. तो आदराने पुढे येतो, पाणी विचारतो, चहा ठेवावयास सांगतो आणि मग सहज प्रश्न करतो, "आता किती दिवस मुक्काम?" विचारणाऱ्याच्या मनात काही नसते, पण ऐकणाऱ्याच्या काळजात तो प्रश्न काट्यासारखा रुततो. मुक्काम पाहुण्याचा असतो. घरच्या माणसाला मुक्काम कोणी विचारीत नाही. परतलेल्या मनुष्यापुढचा खरा प्रश्न हाच आहे. आपण पाहुणे म्हणून आलो, की घरचे म्हणून?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना विदर्भाच्याच एका सुपुत्राची आठवण होते. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचा जन्म 1884 साली वर्ध्याच्या परिसरात झाला. लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारलेल्या या तरुणाने विशीच्या सुमारास देश सोडला. हेतू एकच, स्वातंत्र्यासाठी लढण्याची विद्या मिळवावयाची. जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले. पोटासाठी कष्ट केले, लष्करी शिक्षण घेतले आणि त्याबरोबरच कृषिशास्त्राचा अभ्यास केला. 1913 साली अमेरिकेत गदर चळवळ उभी राहिली, तेव्हा तिच्या आरंभीच्या कार्यकर्त्यांत ते होते. पहिल्या महायुद्धाच्या काळात इराणच्या भूमीवर इंग्रजांविरुद्ध लढण्याचे साहसही त्यांनी केले. युद्ध संपले, पण मायदेशाचे दार त्यांना उघडले नाही. सरकारच्या लेखी ते राजद्रोही होते. हा मनुष्य परदेशी राहिला तो पैशाच्या मोहाने नव्हे. घरी येण्याची वाटच त्याला बंद होती.

1924 साली खानखोजे मेक्सिकोस गेले. तेथे नुकतीच क्रांती होऊन गेली होती आणि जमीनदारांच्या जमिनी कसणाऱ्यांच्या हाती येऊ लागल्या होत्या. पण नुसती जमीन मिळून भागत नाही. ती कसण्याचे ज्ञानही लागते. चापिंगो येथील राष्ट्रीय कृषिविद्यालयात अध्यापक झालेल्या खानखोजे यांनी हे ओळखले. मका आणि गहू यांच्या अधिक कसदार, रोगांना तोंड देणाऱ्या वाणांवर त्यांनी प्रयोग केले. त्याहूनही मोठी गोष्ट म्हणजे, ते ज्ञान विद्यालयाच्या भिंतींत कोंडून न ठेवता शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढण्याच्या कामात त्यांनी पुढाकार घेतला. दिवसभर राबणारा शेतकरी तेथे विद्यार्थी होई. मेक्सिकोच्या दिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने तेथील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर अन्नाची महती सांगणारे एक चित्र काढले आहे. पंगतीच्या मध्यभागी बसून भाकरी वाटणाऱ्या पुरुषाला त्याने खानखोजे यांचा चेहरा दिला. वर्ध्याचा मुलगा परक्या देशात पाहुणा म्हणून गेला आणि घरचा कर्ता होऊन बसला! हे कशाने झाले? त्या देशाची भाषा त्यांनी शिकली, त्या मातीचे दुखणे ओळखले आणि तेथील भाकरीसाठी आपले हात मळविले.

पुढे 1947 साली भारत स्वतंत्र झाला. ज्या स्वातंत्र्यासाठी घर सोडले ते मिळाले, तेव्हा खानखोजे यांनी साठी ओलांडली होती. या वयात मनुष्याने निवृत्त व्हावे, आपली बाग पाहावी, नातवंडांना गोष्टी सांगाव्या. परंतु 1949 साली मध्य प्रांत-वऱ्हाड सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी बोलाविले, तेव्हा ते निघाले. वाशीमचा परिसरही त्या वेळी त्याच प्रांतात मोडत असे. दैवाचा खेळ असा की, राज्य बदलले तरी दप्तरे बदलली नव्हती. इंग्रजांनी केलेल्या काळ्या यादीतील त्यांचे नाव तसेच राहिले होते. ज्या देशासाठी आयुष्य वेचले त्याच्याच उंबरठ्यावर त्यांची अडवणूक झाली. तरीही त्यांचे मन विटले नाही. पुढे ते नागपुरास स्थायिक झाले आणि 22 जानेवारी 1967 रोजी तेथेच त्यांनी देह ठेवला.

दादाभाई नौरोजी 1907 साली इंग्लंडहून कायमचे परत आले, तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. वर्सोव्याच्या समुद्रकाठी त्यांनी अखेरची दहा वर्षे काढली आणि देश त्यांना वडीलधाऱ्याच्या जागी मानीत राहिला. खानखोजे यांच्या वाट्याला असे भाग्य आले नाही. त्यांना ओळखणारे सोबती एक तर निवर्तले होते, नाही तर पांगले होते. नव्या पिढीला त्यांचे नावही ठाऊक नव्हते. परतणाऱ्या प्रत्येकाने मनाशी बांधून ठेवावी अशी ही गोष्ट आहे. घर आपली वाट पाहत असेलच असे नाही. ते वाट पाहत नसले तरी आपण त्याचे काही देणे लागतो, एवढे ज्याला पटले त्यानेच परतावे.

आणखी एक गोष्ट बहुधा कोणाच्या ध्यानात येत नाही. खानखोजे यांच्या पत्नी जीन या मूळच्या बेल्जियमच्या. दोन कन्यांसह त्यांचा संसार मेक्सिकोत मांडलेला होता. पतीची पावले मायदेशाकडे वळली, तेव्हा पत्नी आणि मुली यांची पावले परदेशाकडे वळली. वाट एकच, पण एकाला ती घरी नेणारी आणि दुसऱ्याला घरापासून दूर नेणारी! आजही परदेशातून वाशीमला परतणाऱ्या गृहस्थाच्या मागे एखादे मूल गोंधळून उभे असते. वडिलांना ज्या गल्लीत स्वर्ग दिसतो तेथे त्या मुलाला फक्त ऊन आणि धूळ दिसते, "काहून रे, बोलत का नाहीस?" असे एखाद्या आजीने मायेने विचारले तरी त्याला पहिला शब्दच कळत नाही. परतणाऱ्याने आपल्या आनंदाच्या भरात या मुक्या परदेशवासाचा विसर पडू देऊ नये. ज्याने परके होण्याचे दुःख भोगले आहे, त्याला दुसऱ्याचे परकेपण आधी समजले पाहिजे.

मग परतलेल्या मनुष्याने करावे तरी काय? काही जण तिकडच्या गोष्टी सांगत राहतात. तिकडे रस्ते असे, तिकडे दवाखाने तसे, तिकडे वेळेला किंमत! ऐकणारे प्रथम कौतुकाने ऐकतात, मग कंटाळतात आणि शेवटी त्याला पारावर येताना पाहून हळूच उठून जातात. काही जण उलट वागतात. दार लावून घेतात आणि पेन्शनच्या तारखेखेरीज गावाशी संबंध ठेवीत नाहीत. दोघेही पाहुणेच राहतात.

शेतकी शास्त्रातला एक साधा नियम येथे उपयोगी पडतो. बियाणे कितीही उत्तम असले तरी नव्या मुलखात ते एकदम साऱ्या शेतात पेरीत नाहीत. आधी लहानशा वाफ्यात लावतात, तेथील पाऊस, थंडी, कीड त्याला मानवते की नाही ते पाहतात. जे टिकते त्याचेच पुढे बी धरतात. आयुष्यभर परमुलखात मिळविलेला अनुभव हेही एक बियाणेच आहे. ते जपून आणावे. पण गावावर उधळू नये. आधी गावाचे ऐकावे. पाऊस लांबला की येथला कोरडवाहू शेतकरी कोणत्या काळजीत असतो, विहिरीचे पाणी कोणत्या महिन्यात तळ गाठते, शाळेतल्या मुलांना कोणता विषय जड जातो, हे समजून घ्यावे. मग आपल्याजवळचे एखादेच बी एखाद्याच वाफ्यात लावावे. कोणी चार मुलांना संध्याकाळी गणित शिकवील, कोणी वाचनालयाच्या कपाटांवरची धूळ झटकील, कोणी बांधावर झाडे लावून ती दोन उन्हाळे जगवील. निवृत्ती म्हणजे कामातून मोकळे होणे नव्हे. पगाराच्या कामातून सुटून आवडीच्या आणि गरजेच्या कामाला लागणे होय. सरकारी नोकराची मुदत 58 व्या वर्षी संपत असेल. माणसाच्या उपयोगाची मुदत कोणत्याही कायद्याने ठरविलेली नाही.

मेक्सिकोने आपल्याला काय दिले हे पाहिले की मोठी गंमत वाटते. मका आणि मिरची ही पिके मूळची त्याच बाजूची. दसऱ्याला वाशीमच्या दारोदारी ज्याची तोरणे लागतात तो झेंडूही मूळचा तेथलाच. मेक्सिकोचे लोक आपल्या पितरांच्या स्मरणाच्या दिवशी तीच पिवळी-केशरी फुले वाहतात. अन्नधान्याच्या टंचाईच्या काळात, 1966 साली, भारताने गव्हाचे 18,000 टन बियाणे आणविले तेही मेक्सिकोहूनच. आणि मेक्सिकोच्या शेतीत आपली उमेद ओतून परतलेले खानखोजे त्या वेळी नागपुरात आयुष्याची अखेरची वर्षे काढीत होते. आज ठेच्यातल्या मिरचीला परदेशी कोण म्हणतो? झेंडूला कोणी मुक्काम विचारतो का? ती येथे रुजली, येथल्या दारात आणि ताटात उपयोगी पडली, म्हणून घरची झाली.

2022 साली चापिंगो येथे खानखोजे यांचा पुतळा उभारण्यात आला. परक्या भूमीने त्यांना आपला मानल्याची ती खूण आहे. मायभूमीतही त्यांचे नाव शाळाशाळांतून घेतले जावे. पण त्यांच्या जीवनाने शिकविलेला धडा नावापेक्षा मोठा आहे. माणूस कोठे जन्मला यावरून तो घरचा ठरत नाही आणि किती दूरवरून आला यावरून पाहुणा ठरत नाही. पाहुणा पाटावर बसतो आणि घरचा वाढावयास उठतो, एवढाच काय तो दोघांतील फरक. उतारवयात आपल्या गावी परतणाऱ्याने दार ठोठावताना एवढे मनाशी ठरवून यावे. मग 'किती दिवस मुक्काम?' हा प्रश्न त्याला कोणी विचारणार नाही. आणि विचारलाच, तरी हातातले काम न थांबविता त्याला हसून उत्तर देता येईल.