पिंड ओळखावा, मग वाट धरावी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की आमच्या धर्मगुरुनिवासाच्या ओटीवर वर्दळ सुरू होते. कोणाला शिफारसपत्र हवे असते, कोणाला शिष्यवृत्तीचा अर्ज. पुष्कळदा मात्र आई-वडील मुलाला पुढे करून म्हणतात, ''फादर, तुम्हीच ह्याला सांगा, सायन्स घे म्हणून.'' मुलगा मान खाली घालून उभा असतो. सारे बोलणे त्याच्याविषयी चाललेले असते. त्याच्याशी कोणी बोलत नसते.

अशा वेळी आम्ही मुलालाच विचारतो, ''बाळ, कोणते काम करताना तुला जेवणाची आठवण राहत नाही?'' बहुधा उत्तर येत नाही. त्यात मुलाचा दोष नाही. दहा वर्षांत त्याच्या हाती गुणपत्रिका पुष्कळ पडल्या. आपला पिंड कोणता, हे तपासून पाहण्याची सवय मात्र त्याला कोणी लावली नाही.

मानसशास्त्राने या बाबतीत बरेच काम केले आहे. कार्ल युंग यांनी १९२१ साली मनोवृत्तींच्या प्रकारांवर ग्रंथ लिहिला आणि त्याच्या आधारे कॅथरिन ब्रिग्ज व इझाबेल मायर्स या मायलेकींनी एक प्रश्नावली तयार केली. जॉन हॉलंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५९ साली व्यवसाय-निवडीची आपली उपपत्ती मांडली. हाताने वस्तू घडविणारे, शोध घेणारे, कलेत रमणारे, माणसांची सेवा करणारे, पुढाकार घेऊन इतरांना पटविणारे आणि चोख नोंदी ठेवणारे, असे सहा कल त्याने सांगितले. बहुतेकांत यांपैकी दोन-तीन कलांचे मिश्रण असते. आपल्या महाराष्ट्रातही २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांची शासनातर्फे कल चाचणी घेण्यात आली. अशा चाचण्या उपयुक्त आहेत. परंतु त्या आरसा आहेत, न्यायाधीश नव्हेत. तीच प्रश्नावली काही आठवड्यांनी पुन्हा सोडविली असता उत्तर बदलल्याचे पुष्कळांना आढळते.

याहून जुनी एक रीत आम्हांस अधिक भरवशाची वाटते. १५२१ साली पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडलेला इग्नेशियस लोयोलाच्या घरी अंथरुणाला खिळून होता. त्याने शूरवीरांच्या अद्भुत कथा मागितल्या. घरात ख्रिस्तचरित्र आणि संतचरित्रे तेवढी मिळाली. पडल्या पडल्या तो कधी दरबारातल्या पराक्रमाची स्वप्ने रंगवी, कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने गोड वाटत. पण पहिले संपले की मन कोरडे पडे आणि दुसरे संपल्यावरही समाधान टिकून राही. हा फरक त्याने नेमका टिपला. पुढे तिशी उलटल्यावर तो बार्सिलोनात मुलांच्या शेजारी बसून लॅटिन शिकला. निर्णय घेताना, एखादा अनोळखी माणूस याच पेचात सापडून आपल्याकडे आला तर त्याला आपण काय सांगू, अशी कल्पना करावी, असेही त्याने सुचविले आहे. स्वतःच्या हट्टापासून चार पावले दूर जाण्याची ही उत्तम युक्ती आहे.

गुरुविद्यालयात असताना आमच्या आध्यात्मिक मार्गदर्शकांनी आम्हांस एक वही ठेवावयास लावली. रोज रात्री दोनच ओळी: आज कशाने उभारी आली, कशाने मन मरगळले. काही महिन्यांनी वही चाळली, तेव्हा दिसून आले की स्नेहसंमेलनाची धावपळ आम्हांस थकवीत होती. रुग्णाच्या उशाशी तासभर बसून मात्र आम्ही ताजेतवाने परतत होतो. या ज्ञानाने आमची कर्तव्ये बदलली नाहीत. सणाचे नियोजन आम्ही आजही करतो. पण आमचे बळ कोठे आहे आणि कोठे इतरांची मदत घ्यावी, हे आम्हांस ठाऊक असते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. आवड म्हणजे पिंड नव्हे. टाळ्या आवडणाऱ्याला रियाजही आवडेलच असे नाही. म्हणून 'काय व्हायचे आहे' यापेक्षा 'रोज दुपारी तीन वाजता कोणते काम करीत बसायला आवडेल' हा प्रश्न विचारावा. घरची परिस्थितीही डोळ्यांआड करता येत नाही. कर्ज फेडण्यासाठी मिळेल ती नोकरी धरणाऱ्या थोरल्या मुलाला आम्ही कमी लेखणार नाही.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाने वाडीचा तुकडा विकून मुलाला अभियांत्रिकीला घातले. दोन वर्षांनी तो घरी परतला आणि कित्येक महिने कोणाशी धड बोलला नाही. लहानपणी घरातला प्रत्येक पंखा त्याने उघडून पाहिला होता. त्याला यंत्र हातात हवे होते, फळ्यावर नव्हे. आज तो पाण्याचे पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. हाताखाली दोन मुले आहेत. विकलेली वाडी परत आली नाही. मुलगा मात्र परत आला, असे त्याची आई म्हणते.

पालकहो, निकालाच्या आधीच एक वही आणून मुलाच्या हाती द्या. ती वाचण्याचा आग्रह धरू नका. तो आपण होऊन दाखवील, त्या दिवशी हातातले काम बाजूला ठेवून ऐका.