दोन नाईल नद्यांचं शहर : खार्टूम

आफ्रिका म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जंगल नि सिंहच येतात. पण मैत्रिणींनो, तिथल्या एका राजधानीच्या स्वयंपाकघरात उदगीरच्या बाईला फारसं परकं वाटणार नाही. ती म्हणजे सुदानची राजधानी खार्टूम.

हे शहर संगमावर वसलंय. पांढरी नाईल व्हिक्टोरिया सरोवराकडून येते, तर निळी नाईल इथिओपियातल्या ताना सरोवरातून. कराडला कृष्णा-कोयना समोरासमोर भेटतात. इथे मात्र दोघी काही अंतर आपापला रंग राखून शेजारी शेजारी वाहतात आणि मग एक होऊन इजिप्तकडे जातात. भूगोलाच्या तासाला मुली हमखास विचारतात, "बाई, पाणी खरंच निळं असतं का?" पावसाळ्यात डोंगरातली माती वाहून आणते, तेव्हा निळी नाईल चक्क तपकिरी दिसते! संगमाभोवती खार्टूम, ओमदुरमान आणि बहरी अशी तीन जुळी शहरं आहेत.

इथलं जुनं धान्य कोणतं? आपली ज्वारीच! पीठ भिजवून आंबवायचं आणि तापल्या तव्यावर धिरड्यासारखं पातळ पसरायचं, की झाला 'किसरा'. लाल अंबाडीच्या बोंडांचं 'करकदे' हे तिथलं आवडतं पेय. तुमच्याकडे लाल अंबाडी असेल तर बोंडांवरच्या मांसल लाल पाकळ्या वाळवा, मूठभर घेऊन चार पेले पाण्यात उकळा, गाळून साखर घाला. गरम प्या नाहीतर गार. बायकांचा 'तोब'सुद्धा चार-साडेचार मीटरचा, अंगाभोवती गुंडाळून पदर डोक्यावर घ्यायचा.

आपलं नातं एवढंच नाही. १९५३ साली सुदानची पहिली संसदीय निवडणूक पार पाडली ती आपले निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्या देखरेखीखाली. आणि पुण्याजवळ खडकवासल्याच्या प्रबोधिनीतली 'सुदान ब्लॉक' ही देखणी इमारत, दुसऱ्या महायुद्धात सुदानसाठी लढलेल्या भारतीय जवानांच्या स्मरणार्थ तिथल्या सरकारने दिलेल्या देणगीतून उभी राहिली.

अशा शहरात १५ एप्रिल २०२३ ला लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. आपल्या सरकारने 'ऑपरेशन कावेरी' राबवून साडेतीन हजारांहून जास्त भारतीयांना परत आणलं. पण तिथल्या बायाबापड्यांनी जायचं कुठे? लाखो माणसं घरदार सोडून निघाली. मागे राहिलेल्यांसाठी वस्तीवस्तीत स्वयंसेवकांनी सामुदायिक चुली पेटवल्या. शेजारपाजारच्यांनी शिधा जमवायचा, मोठ्या पातेल्यात शिजवायचं आणि रांगेतल्या प्रत्येकाच्या भांड्यात थोडं थोडं वाढायचं. मार्च २०२५ मध्ये लष्कराने राजधानी परत ताब्यात घेतली. पण उजाड झालेली घरं पुन्हा नांदती व्हायला वेळ लागतो.

तेव्हा पेपरात खार्टूमचं नाव दिसलं, तर बायांनो, लगेच पान उलटू नका. ती बातमी ज्वारी खाणाऱ्या घरांची आहे.